एकशे चोवीस माणसं

मिरजेच्या हेर्लेकर नवराबायकोत अबोला आहे, अशी त्यांच्या सोसायटीची कित्येक वर्षांची समजूत होती, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. सोमवार ते बुधवार दोघं भाजी, गॅस आणि पाहुणेरावळे यांपलीकडे एकमेकांशी फारसं बोलत नसत. गुरुवारी चारच्या चहाला मात्र दोघांचे आवाज चढत, टेबलावर हात आपटला जाई, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई सुनेला सांगत, "सुरू झालं बघ यांचं."

ते भांडण नव्हतं, नोकरी होती. उन्मेष आणि वृषाली दोघंही पुरावा केंद्रात वाचक होते. आता वाचण्याचा पगार मिळतो म्हटल्यावर लोकांना हेवा वाटे, पण काम तसं जिकिरीचं. एकाच आजारावर जगभरात शेकडो शोधनिबंध निघतात. एक म्हणतो औषध रामबाण, दुसरा म्हणतो कुचकामी. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण ती एका पातेल्यापुरती. इथे पातेली शेकडो, आचारी निरनिराळे, आणि प्रत्येक आचाऱ्याला आपलाच भात मोकळा झालाय असं वाटणार. म्हणून सगळीच पातेली उघडावी लागतात. आधी नेमका प्रश्न ठरवायचा. कोणता अभ्यास घ्यायचा आणि कोणता नाही, ते वाचायला बसण्यापूर्वीच लिहून ठेवायचं. मग गाजलेला, न गाजलेला, आपल्याला पटणारा, न पटणारा, असा सापडेल तो प्रत्येक निबंध काढायचा. ज्यात माणसं जास्त आणि चुका कमी, त्याला वजन जास्त द्यायचं, आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा काढायचा. त्या आकड्यावर सरकारी दवाखान्यांतले उपचार ठरत.

यात एक नियम सोवळ्यासारखा पाळायचा असे. प्रत्येक निबंध दोघांनी वाचायचा, पण वेगवेगळा, आणि दोघांचा निर्णय कागदावर उतरेपर्यंत एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. कारण माणसाच्या डोळ्याला जे हवं असतं तेच तो बघतो, आणि शेजारच्याचा डोळा काय म्हणतो ते कळलं की तसंच बघतो. गुरुवारी दोघांचे निर्णय शेजारीशेजारी ठेवायचे आणि जिथे पटत नाही तिथे भांडायचं. हेर्लेकर बावीस वर्षं असे भांडले. आपलं लग्न टिकलं ते या अबोल्यामुळेच, असं वृषाली सगळ्यांना सांगे.

मग दोन हजार एकोणचाळीसमध्ये चाळण आली. त्या यंत्रणेचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं की सहीच्या जागेतही मावत नसे, म्हणून सगळे तिला चाळणच म्हणत. जगातल्या सगळ्या भाषांतले निबंध ती वाचून काढी आणि दर सोमवारी प्रत्येक आजाराचा आकडा ताजा करी. दोन वाचकांना वर्ष लागे ते ती एका दुपारी करी, आणि बहुतेक वेळा चांगलं करी, हे उन्मेषही मान्य करत असे. कायद्याने फक्त दुसरा वाचक माणूस असला पाहिजे एवढं राखलं. म्हणजे प्रत्येक जोडीतलं एकजण घरी जाणार होतं.

हेर्लेकरांच्या जोडीत कोण जाणार हे केंद्राला ठरवावंच लागलं नाही. त्याच वर्षी वृषालीने एक निबंध सोमवारी वाचून नाकारला आणि तोच मंगळवारी पुन्हा वाचून स्वीकारला. दोन्ही कागद तिच्याच अक्षरातले. तिचं तिलाच ते सापडलं. कुणी काही म्हणायच्या आत तिने राजीनामा दिला आणि मग डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं. ती अठ्ठावन्न वर्षांची होती.

चार वर्षांत बरंच काही गेलं. कुकरच्या शिट्ट्या गेल्या, वारांची नावं गेली, थोरल्या बहिणीचं निधन दोनदा नव्याने सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ती पहिल्यांदाइतकीच रडली, तेव्हा उन्मेषने ठरवलं की तिसऱ्यांदा विचारलं तर बहीण गावाला गेलीय म्हणून सांगायचं.

आठ महिन्यांपूर्वी मिरजेच्या सरकारी दवाखान्यात तिचा लयोपचार सुरू झाला होता. रोज सकाळी दहाला एका खोलीत बसायचं. भिंतींतले दिवे सेकंदाला चाळीस वेळा लुकलुकत, इतके झरझर की डोळ्यांना नुसता उजेड थरथरल्यासारखा वाटे, आणि त्याच लयीत एक घुमारा कानावर पडे. कल्पना अशी की मेंदूतल्या पेशी हळूहळू त्या लयीत ताल धरतात, आणि तसा ताल धरला की मेंदूतला साचलेला केरकचरा उचलणाऱ्या पेशी जाग्या होतात. कल्पना सुंदर होती. सुंदर कल्पना खरी असतेच असं नाही, हे उन्मेषने जन्मभर नव्या वाचकांना शिकवलं होतं.

पण तास संपून बाहेर आली की वृषाली ताजीतवानी दिसे. खोली चालवणाऱ्या रेहाना बागवान तिचा हात धरून म्हणत, "सर, बाईंचा चेहरा बघा की आज." दिवाळीत तिने भावजयीला नावाने हाक मारली. एकदा आमटी चाखून मीठ कमी आहे म्हणाली, आणि ते खरंच कमी होतं. उन्मेष या गोष्टी एका वहीत लिहून ठेवू लागला. एका माणसाचं बरं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे वाक्य त्याने किमान हजारदा म्हटलं असेल. तरी तो लिहीत राहिला.

दर पाच वर्षांनी प्रत्येक उपचाराचा आकडा माणसाकडून मुळापासून तपासून घेण्याची पद्धत होती. त्या जानेवारीत लयोपचाराची पाळी आली, आणि चिठ्ठी निघाली ती मिरजेच्या नावाने. काम सुरू करण्यापूर्वी एक कागद भरायचा असतो: या उपचाराशी माझा किंवा माझ्या घरच्यांचा काही संबंध नाही. संबंध असेल तर नुसतं तसं लिहायचं, काम दुसऱ्या केंद्राकडे जातं, कुणी बोट दाखवत नाही. उन्मेषने दोन दिवस तो कागद पुढ्यात ठेवला. नागपूरचा कुणी तिशीतला पोरगा हे वाचणार, लवकर उरकायचं म्हणून वाचणार, आणि त्याच्या एका खुणेवर वृषालीची खोली चालू राहणार किंवा बंद होणार, हे त्याला सहन होईना. त्याने "संबंध नाही" वर खूण केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने कागदावर लिहिलेलं ते पहिलं खोटं.

एकूण एक्केचाळीस अभ्यास होते. चाळणीच्या हिशेबाने सगळ्यांचा मिळून फायदा थोडाच निघत होता, पण सरकारने आखलेल्या किमान रेषेच्या वर होता. जेमतेम वर. उन्मेष जेवणाच्या टेबलावर कागद पसरून वाचत बसे. एकोणतिसाव्या अभ्यासाशी आल्यावर तो थबकला. माणसं एकशे चोवीस. सतराव्या अभ्यासातही माणसं एकशे चोवीसच होती.

आता एकशे चोवीस हा काही दुर्मीळ आकडा नव्हे. लेखक वेगळे होते, एकाने तालुक्याचं नाव दिलं होतं, दुसऱ्याने जिल्ह्याचं. एकात सरासरी वय बहात्तर पूर्णांक चार, दुसऱ्यात एकाहत्तर पूर्णांक चार. चाळणीने दोन्ही ताडून पाहून वेगळे ठरवले होते. एरवी उन्मेषने तिथे पेन्सिलीने गोल केला असता आणि दोन दिवस त्याचाच पिच्छा पुरवला असता. यावेळी त्याने पान उलटलं. चाळणीने पाहिलंय ना, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि आपण हे म्हणतोय याचं त्याला वाईटही वाटलं.

तो बुधवार होता. दुपारी तो औषधं आणायला खाली गेला आणि वीस मिनिटांनी परत आला, तर वृषाली टेबलाशी बसलेली. चष्मा चढवलेला, हातात पेन्सिल, समोर दोन निबंध शेजारीशेजारी.

"हे तेच लोक आहेत," ती म्हणाली.

त्याने कोण म्हणून विचारलं, जणू त्याला माहीत नव्हतं.

"हे आणि हे. सरासरी एकाने हललीय, पण पसारा बघ की." वयं सरासरीपासून किती दूरवर पसरलीत ते सांगणारा आकडा तिने दोन्हीकडे अधोरेखित केला होता. दोन्हीकडे सहा पूर्णांक आठ तीन. "प्रत्येकाच्या वयात एक मिळवला तर सरासरी एकाने वाढते आणि पसारा होता तसाच राहतो. वाचक होण्याआधी जतला पाहणीच्या कामावर होते, तेव्हा मी हेच केलं होतं. म्हातारी माणसं सांगायची, बहात्तरावं चालू आहे, आणि मी आपली बहात्तर लिहायची. त्यांना पुरी झालेली असायची एकाहत्तर. तिथल्या सरांनी सगळ्यांतून एक वजा करायला लावला होता मला. इथंही कुणीतरी नंतर वजा केलाय."

ती एका दमात बोलली, गुरुवारच्या आवाजात. उन्मेषने तो आवाज चार वर्षांत ऐकला नव्हता. त्याला इतका आनंद झाला की क्षणभर त्या बोलण्याचा अर्थच त्याच्यापर्यंत पोचला नाही. मग तो पोचला. एकोणतिसावा अभ्यास काढला की आकडा रेषेखाली जाणार, हे त्याला न मांडताही दिसत होतं. अभ्यास मोठा होता, फायदाही याच माणसांत सगळ्यांत जास्त दिसला होता, आणि चाळणीने तीच माणसं दोनदा मोजली होती.

"वृषा, तुझा गोंधळ होतोय," तो म्हणाला. "दोन निराळे निबंध आहेत ते. ठेव बरं खाली."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "होय का," ती म्हणाली. "मग असेल." आणि तिने पेन्सिल खाली ठेवली.

तिने वाद घातला नाही. गॅस बंद केला का, आपण जेवलो का, ही बाई आपली कोण, या सगळ्या बाबतीत ती आताशा त्याच्याच शब्दावर चाले. तो म्हणेल ते खरं, एवढं एकच तिने घट्ट धरून ठेवलं होतं. उन्मेष स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला. आपण तिच्याशी आयुष्यात इतकं वाईट कधी वागलो नव्हतो, हे त्याला नीट कळत होतं.

संध्याकाळी त्याने एकोणतिसावा अभ्यास वगळून आकडा पुन्हा मांडला. तो रेषेखाली गेला, आणि थोडाथोडका नव्हे. मग त्याने त्या निबंधाच्या लेखिकेला ईमेल पाठवला. सकाळी उत्तर आलं. माणसं तीच होती. पहिले प्रमुख संस्था सोडून गेले, ते यावर काही छापतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, वयं मागाहून दुरुस्त केली, असं तिने प्रांजळपणे कळवलं होतं. लबाडी कुणाचीच नव्हती.

गुरुवारी चारला त्याने चहा केला आणि तिच्यासमोर बसला. काल तू बरोबर होतीस आणि मी तुला खोटं सांगितलं, असं त्याने एकदम सांगून टाकलं.

वृषालीने बशीत चहा ओतला. "काल काय झालं?"

तिला आठवत नव्हतं. हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नव्हतं. म्हणजे तो सुटला होता. तो गप्प बसला असता, कागद गोळा करून ठेवला असता, तर जगात कुणालाही कधीही कळलं नसतं, ज्या एका माणसाचा अपमान झाला होता तिलासुद्धा नाही. त्याने दोन्ही निबंध आणून तिच्यापुढे ठेवले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिच्याच पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या.

"हे मी पकडलं?" तिने विचारलं.

"तू."

"चाळणीला नाही सापडलं?"

"नाही. मलाही नाही. म्हणजे मी बघून न बघितल्यासारखं केलं."

ती मनापासून हसली. त्या रेघांवरून तिने बोट फिरवलं. तिला खूश पाहून पुढचं बोलणं त्याला आणखी जड झालं, पण तो बोलला. हा उपचार म्हणजे तू रोज सकाळी जातेस तोच. हे कळवलं तर ती खोली बंद होईल. मिरजेतलीच नव्हे, सगळीकडचीच.

वृषालीने रेघांवरचं बोट उचललं. चहावर साय धरली.

"मला उपयोग होतो का रे त्याचा?"

"मला वाटतं, होतो."

"तुला वाटतं," ती म्हणाली. गुरुवारी त्याचा मुद्दा लंगडा असला की ती असंच म्हणायची. मग तिचा आवाज उतरला. "मलाही वाटतं. मला तिथं बरं वाटतं, उन्मेष. मला भीती वाटते त्याच्याशिवाय."

"मलाही वाटते," तो म्हणाला. त्याने तिचा हात धरला आणि दोघं तसेच बसून राहिले. रडला तो, ती नाही.

थोड्या वेळाने तिने आपला हात सोडवून घेतला आणि संबंधाचा कागद कुठे आहे म्हणून विचारलं. चार वर्षांनंतरही असा कागद असतो हे तिला माहीत होतं. आपण तो खोटा भरलाय, हे त्याला सांगावं लागलं. त्यावर तिने कपाळाला आठी घातली आणि नवा आण म्हणाली. तो आणल्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहायला घेतलं. अक्षर तिरकं जात होतं, एका शब्दाशी ती अडली तेव्हा त्याने तो सांगितला. तिने लिहिलं:

"हा उपचार मी स्वतः घेते. तो बंद होऊ नये अशी माझी इच्छा आहे. तरीही अभ्यास क्रमांक सतरा आणि एकोणतीस यांतली माणसं तीच आहेत."

खाली तिने सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने तिच्याखाली लिहिलं: "मी हिचा नवरा. माझी इच्छाही तीच आहे. मी संबंध लपवला, आणि शंका आली असूनही पान उलटलं. हे काम माझ्याकडून काढून घ्यावं." कागद त्याच दिवशी गेला.

काम नागपूरला गेलं. तिथे दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचलं आणि दोघांनाही तेच दिसलं. उन्मेषचं वाचकपद गेलं, तो म्हणाला सुटलो, आणि ते निम्मं खरं होतं. सहा आठवड्यांनी लयोपचार यादीतून उतरला.

शेवटच्या दिवशी रेहानाताईंनी घरून शिरखुर्मा करून आणला होता. त्यांचे डोळे भरून येत होते, आणि रोज येणाऱ्या सातआठ कुटुंबांपैकी एकदोघं उन्मेषकडे बघणं टाळत होते. बंद होण्यामागे कुणाचा हात आहे ते मिरजेत लपून राहणं शक्यच नव्हतं. उन्मेषने त्यांना दोष दिला नाही. त्याला स्वतःलाही गेले कित्येक दिवस एकच प्रश्न छळत होता. त्या गुरुवारी आपण आधी रडलो, आपणच चूक कबूल केली, आणि आपला चेहरा बघूनच तर तिने तसं लिहिलं नसेल?

"आज सगळे एवढे गप्प का?" वृषालीने विचारलं.

खोली आजपासून बंद होणार म्हणून, असं त्याने सांगितलं. का, म्हणून तिने विचारलं, तेव्हा त्याने दोन निबंध, वयातला एक, पसारा आणि रेषा, सगळं नव्याने सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत राहिली, पहिल्यांदाच ऐकावं तशी. मग म्हणाली, "काढायलाच हवा होता की मग."

शिरखुर्मा संपता संपता तिने पुन्हा विचारलं, आणि त्याने पुन्हा सांगितलं, तेवढंच, आवाज कोरा ठेवून. तिने पुन्हा थोडा विचार केला आणि पुन्हा तेच म्हणाली.

दाराशी येऊन ती चपलेत पाय घालताना थांबली आणि वळून खोलीकडे बघत राहिली. ही बंद का होतेय, असं तिने तिसऱ्यांदा विचारलं. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. यावेळी तिच्या चेहऱ्यावर काळजी दाटून आली.

"पण मी येते ना इथं? मला विचारलं होतंस तू?"

"विचारलं होतं."

"मग मी काय म्हणाले?"

ते सांगणं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते तिथेच थांबवलं.

"आधी तू आता काय म्हणतेस ते सांग," तो म्हणाला.

वृषाली भिंतीतल्या विझलेल्या दिव्यांकडे बघत उभी राहिली. तिला घाई नव्हती, आणि त्यानेही केली नाही. तिचे डोळे भरून आले, ते तिने पदराने टिपले.

"माणसं तीच असतील तर काढायलाच हवा," ती म्हणाली. "मला नको असलं तरी. तेव्हा काय म्हणाले होते मी?"

"हेच," उन्मेष म्हणाला, आणि खाली वाकून त्याने तिची दुसरी चप्पल तिच्या पायापाशी सरकवली.